येणं, देणं आणि अडलेली एक ओळ

आमच्या खोलीत आम्ही चौघं राहायचो, पण चौघं एका वेळी खोलीत कधीच नसायचो. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. 'पंचतारांकित' हा औद्योगिक वसाहतीचा सरकारी दर्जा आहे, हॉटेलचा नाही. आमची खोली कसबा सांगावात, पत्र्याची, दोन कॉटची. एक फर्स्टला जायचा तेव्हा दुसरा नाईट मारून यायचा आणि त्याच गादीवर आडवा व्हायचा. गादी कधी थंड झाली नाही.

त्यातला एक मिरजेकडचा, ख्रिस्ती. फर्स्ट शिफ्ट असली की पाचला उठायचा, चादर डोक्यावरून घ्यायचा आणि आत पुटपुटायचा. येशूनं शिष्यांना शिकवलेली प्रार्थना. मी नाईटवरून आलेलो असलो की अर्धवट झोपेत ती ऐकायचो. वर्षभरात मला ती पाठ झाली. आपण न शिकताही गाणी पाठ होतात, तशी.

गेल्या पावसाळ्यात एक दिवस लक्षात आलं, की गडी मधली एक ओळ गाळतोय. भाकरीची ओळ झाली की थांबायचा आणि थेट मोहाच्या ओळीवर जायचा. तीन-चार दिवस ऐकलं आणि मग विचारलं.

“एक ओळ खातोयस की रे तू.”

“खात न्हाई. म्हणता येईना.”

“का?”

“त्या ओळीत आपण देवाला सांगतोय की आम्ही सोडलंय. मी कुठं सोडलंय? रोज रात्री त्याचा नंबर लावून बघतोय.”

'तो' म्हणजे आमच्यातला चौथा. बहिणीच्या दवाखान्यासाठी म्हणून त्यानं याच्याकडून दोन हजार घेतले होते, माझ्याकडून साडेसात. महिनाभरानं तो काम सोडून गेला. नंबर बंद. माझ्या साडेसातात चार हजार आईच्या भिशीचे होते. ते तिनं माझ्याकडं ठेवायला दिले होते.

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरात वडलांच्या गळ्यात माळ आहे, देव्हाऱ्याशेजारी गाथा आहे. पण त्या दिवशी नाईटला मशीन चालू असताना माझ्या डोक्यात तीच ओळ फिरत राहिली. रोज पाठ म्हणायची प्रार्थना एखाद्याला अशी अडवू कशी शकते? श्लोक, आरत्या, स्तोत्रं मी लहानपणापासून म्हणत आलोय. मला तरी एकाही ओळीनं कधी असं थांबवलेलं नव्हतं. म्हणून ही प्रार्थना मी कविता वाचावी तशी वाचायला घेतली: शब्द, व्याकरण, अनुवाद बघत. हा लेख त्या वाचनाचा.

*

ही प्रार्थना बायबलात दोन ठिकाणी येते, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आणि लूकच्या अकराव्यात. लूकमधली आखूड आहे. तिथं प्रसंगही दिलाय. येशू एका ठिकाणी प्रार्थना करत असतो, ती संपते, आणि एक शिष्य म्हणतो की योहानानं त्याच्या शिष्यांना शिकवलं तसं आम्हालाही प्रार्थना करायला शिकवा. या मागणीत थोडी असूयाही आहे: त्यांच्या गुरूनं त्यांना दिलंय, तुम्ही आम्हाला काहीच दिलं नाही.

उत्तरात येशू बैठक, श्वास, मन एकाग्र करणं, यातलं काहीच सांगत नाही. तो सरळ शब्द देतो. संथपणे म्हटले तरी अर्ध्या मिनिटात संपतात. आधी देवाच्या बाजूचं बोलणं येतं: नाव, राज्य, इच्छा. मग आपल्या बाजूचं: भाकर, देणी, मोह. 'डिडाखे' नावाचं फार जुनं ख्रिस्ती पुस्तक ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगतं. आमच्याही शिफ्ट तीनच.

मत्तय एक जागाही सांगतो. लोकांना दिसेल असं चौकात उभं राहून प्रार्थना करू नका, आतल्या खोलीत जा आणि दार लावून घ्या. तिथला ग्रीक शब्द 'तामेइऑन', म्हणजे सामानाची किंवा धान्याची कोठी. साध्या घरात स्वतंत्र खोल्या कुठल्या? पण सामान ठेवायच्या जागेला दार असायचं. म्हणजे प्रार्थनेसाठी सांगितलेली जागा डाळ-तांदळाची आहे. आमच्या खोलीत तेवढंही दार नव्हतं. चादर होती.

या प्रार्थनेत 'मी' एकदाही येत नाही. दार लावून, एकट्यानं म्हणायची, पण सगळी 'आम्ही'त. इथं मराठी एक गंमत करते. ग्रीकमध्ये 'आपण' आणि 'आम्ही' असा फरक नाही, मराठीत आहे. 'आपण'मध्ये ऐकणारा धरलेला असतो, 'आम्ही'त तो बाहेर असतो. ऐकणारा देव, त्यामुळं अनुवादकाला 'आम्ही'च घ्यावं लागतं, आणि तेच बरोबर आहे. पण मग या 'आम्ही'त कोण कोण आहे? चादरीखालचा माझा मित्र आहे. झोपेचं सोंग घेतलेला मी कदाचित आहे. आणि नंबर बंद करून गेलेला चौथा? तोही कुठल्यातरी दुसऱ्या वसाहतीत, दुसऱ्या पत्र्याखाली पडलेला असेल, आणि 'आमची भाकर' म्हणताना त्याला वगळायची सोय या व्याकरणात नाही.

*

भाकरीच्या ओळीवर फार वेळ घालवत नाही. एवढंच, की आपण जिला बिनधास्त 'रोजची' भाकर म्हणतो, तिथला ग्रीक शब्द 'एपिऊसिऑस' भल्याभल्यांना सुटलेला नाही. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेननं लिहून ठेवलंय की हा शब्द विद्वानांच्या किंवा सामान्यांच्या बोलण्यात सापडत नाही, शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी तो घडवलेला दिसतो. लॅटिन अनुवाद करणाऱ्या जेरोमनं तर एकाच शब्दाचे दोन अनुवाद केले, लूकमध्ये 'रोजची' आणि मत्तयात 'द्रव्यापलीकडची' अशा अर्थाचा. आजची, उद्याची, जगण्यापुरती, असे सगळे अर्थ लावले गेलेत.

मराठी अनुवादकांनी 'भाकर' निवडली, याचं मला बरं वाटतं. आनंद यादवांची 'झोंबी' 1987 साली आली ती याच कागलच्या मातीतून. ज्यानं ती वाचलीय त्याला 'भाकर' हा शब्द अध्यात्मात उचलून नेता येत नाही. या भागात भाकरी म्हणजे भाकरीच. आणि ती एका दिवसापुरती मागायची. हजेरीवर काम करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

*

आता ती ओळ. तिचा आशय माझ्या शब्दांत असा: आमच्याकडं ज्यांचं देणं निघत होतं त्यांना आम्ही मोकळं केलंय, तसं तूही आम्हाला मोकळं कर.

मत्तयाचा मूळ शब्द सरळ कर्जाचा आहे, 'ओफेइलेमाता': देणी. लूकमध्ये पहिल्या अर्ध्या भागात 'पापं' असा शब्द आहे, पण पुढं माणसांची पाळी आली की तोही 'आमचं देणं लागणारा प्रत्येक जण' असंच म्हणतो. येशू ज्या भाषेत बोलत असे त्या अरामीमध्ये 'होबा' या एकाच शब्दात कर्ज आणि पाप दोन्ही बसतात. पुढं अनुवादांमध्ये वाटा फुटल्या. इंग्लंडच्या चर्चच्या 1549च्या प्रार्थनापुस्तकानं 'आगळीक' या अर्थाचा शब्द घेतला. स्कॉटलंडच्या आणि अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मंडळींनी 'कर्ज' ठेवलं. कोल्हापूरला 1852 साली रॉयल वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी आला आणि 1870 नंतर इथलं मिशन प्रेस्बिटेरियनांकडं गेलं, म्हणजे आपल्या भागात आलेली ही मंडळी आपल्या भाषेत कर्जाचीच ओळ म्हणणारी होती. मराठीतही दोन्ही वळणं ऐकू येतात, कुठं 'ऋण', कुठं 'अपराध'.

'अपराध' अगदीच निराधार नाही. प्रार्थना संपल्यावर मत्तयातला येशू एका ओळीचा खुलासा करतो, आणि तिथं तो चुका-आगळिकीचा शब्द वापरतो. पण त्या खुलाशात मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की तो एकाच ओळीचा आहे. नाव, राज्य, भाकर, मोह, यांतल्या कशाचंही स्पष्टीकरण नाही. फक्त याच ओळीचं आहे: तुम्ही सोडलं नाही, तर तुम्हालाही सुटका नाही. सबंध प्रार्थनेत माणसाच्या स्वतःच्या कृतीचा उल्लेख असलेली ओळ ही एकच. बाकी सगळीकडं मागणं आहे. इथं मागणारा हातातलं काहीतरी खाली ठेवतो आणि मग मागतो.

आणि काळ बघा. मत्तयाच्या सगळ्यात जुन्या ग्रीक हस्तलिखितांत क्रियापद भूतकाळी आहे: सोडलं. लूकमध्ये वर्तमानकाळ आहे. 1611च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलनं मत्तयातही वर्तमानकाळच ठेवला. मराठी बायबलनं मात्र 'सोडले आहे' असं पूर्ण झालेलं क्रियापद ठेवलंय. माझा मित्र अडला तो या क्रियापदावर. “मी कुठं सोडलंय?” हा त्याचा प्रश्न व्याकरणाचा होता. 'सोडतो' असं असतं तर तो रोज म्हणत राहिला असता. 'सोडतो'मध्ये उद्याची सवलत असते.

*

कर्ज हे इथं नुसतं रूपक आहे, असं कुणी म्हणेल. असेल. पण रूपक चालायला आधी हिशेब खरा लागतो, आणि येशूला हिशेब पक्का कळत होता. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातली गोष्ट घ्या. एका चाकराचं राजाला दहा हजार तालांत देणं असतं. राजा ते माफ करतो. तोच चाकर बाहेर येऊन शंभर दीनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची हजेरी. तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार. मी नाईटला मोबाइलवर गुणाकार केला: सहा कोटी दिवस. वर्षाचे तीनशे दिवस कामाचे धरले तर दोन लाख वर्षं. हा आकडा कुठल्याच कामगाराच्या आयुष्यात बसत नाही, आणि बसू नये म्हणूनच तो निवडलाय. पण गोष्टीची ताकद दुसऱ्या आकड्यात आहे. शंभर दिवसांची हजेरी ही काही क्षुल्लक रक्कम नाही. साडेसात हजार म्हणजे माझे पंधरा दिवस, आणि त्यासाठी मी कुणाचातरी नंबर पाठ केला होता. गोष्ट सांगणारा असं म्हणत नाही की तुझं येणं खोटं आहे. येणं खरं आहे. तरीही सोड.

या मागणीला मागचा कायदाही आहे. मोशेच्या नियमशास्त्रात दर सातव्या वर्षी कर्ज सोडून द्यायची आज्ञा आहे. झालं असं, की सातवं वर्ष जवळ आलं की लोक कर्जच देईनात. तेव्हा येशूच्या थोडं आधी होऊन गेलेल्या हिल्लेल नावाच्या धर्मगुरूनं 'प्रोझबुल' अशी सोय काढली. कर्जाचा कागद न्यायालयाच्या हवाली करायचा, म्हणजे सातव्या वर्षानंतरही वसुली करता येई. हेतू चांगला होता, गरिबाला उसने मिळत राहावेत. हे वाचल्यावर मला ती ओळ जास्तच अवघड वाटायला लागली. सगळं सोडायचं ठरवलं तर पुढच्या वेळी बहिणीच्या दवाखान्याला कोण देणार? प्रार्थना याचं उत्तर देत नाही.

*

मराठीतल्या 'ऋण' शब्दाशी माझं थोडं भांडण आहे. तो चुकीचा नाही, पण उंचावर बसलेला आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण या तिन्हींत ऋण ही फेडायची गोष्ट आहे. तिथं सुटका कर्तव्यातून होते, कुणी सोडून दिल्यानं होत नाही. शिवाय आता ऋण सत्कार समारंभात राहतं. “आपल्या ऋणातच राहू इच्छितो” म्हणणारा माणूस काही फेडणार नसतो आणि समोरचाही काही मागणार नसतो. एमआयडीसीच्या गेटबाहेर कुणी कुणाचं ऋण घेत नाही. तिथं उचल असते, हातउसने असतात, उधारी असते, हप्ता असतो.

मी अनुवादक असतो तर 'देणं' घेतलं असतं. दुकानाच्या वहीत येणं आणि देणं समोरासमोर असतात: आमची येणी आम्ही सोडली, आमचं देणं तू सोड. आणि 'देणं'मध्ये दुसरा अर्थही आपोआप येतो. कुणाचा गळा चांगला असला की आपण म्हणतो, देवाचं देणं आहे. कर्ज आणि देणगी यांना एकच शब्द. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावात सबंध बायबलचा अनुवाद केला, तो साध्या बायकांना कळेल अशा मराठीत व्हावा म्हणून. त्या आग्रहाची आठवण ठेवूनच मी हे म्हणतोय.

*

वहीची गोष्ट निघाली की मराठी माणसाला देहू आठवणारच. परंपरा सांगते की तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळानंतर त्यांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असं ते सांगत. हे विधान बहुतेक वेळा भक्तीच्या अंगानं समजावलं जातं. मला आता वाटतं, त्या पुलाचा एक खांब ही बुडालेली खतं असावीत. ज्या भाषेच्या सगळ्यात मोठ्या भक्तानं देवाकडं जायच्या आधी लोकांना मोकळं केलं, त्या भाषेत ही ओळ परकी राहत नाही. क्रियापदही तेच आहे: सोडलं आहे.

याच पुणे जिल्ह्यात 1875च्या मे महिन्यात सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातली खतं बाहेर काढून जाळली. कागद तेच होते. एका ठिकाणी येणं असलेल्यानं ते पाण्यात सोडले, दुसऱ्या ठिकाणी देणं असलेल्यानं आगीत टाकले. मधल्या काळात सोडणारा कुणी भेटला नाही, की शेवटी जाळणारे येतात. प्रार्थनेच्या त्या ओळीत मला अलीकडं हा इशाराही ऐकू येतो.

पण लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली की या सगळ्या उदारपणाकडं दुसऱ्या बाजूनं बघावं लागतं. टिळकांचा हात सैल, कनवाळू. घरात आज काय शिजणार याची काळजी लक्ष्मीबाईंची. त्या हे तक्रार म्हणून लिहीत नाहीत, हसत लिहितात. म्हणून ते जास्त लागतं. सोडणारा संत होतो, आणि सोडलेल्याचा भार स्वयंपाकघरात जातो. तुकोबांच्या आवलीबद्दल आपण पिढ्यानपिढ्या चेष्टेनं बोललो, पण डब्यातलं पीठ तिनंच मोजलं असणार. येशूच्या प्रार्थनेत भाकरीची ओळ आणि देण्याची ओळ लागून आहेत. एकीचा परिणाम दुसरीवर होतो, हे लक्ष्मीबाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती.

*

येशूच्या उदाहरणातून प्रार्थना शिकायची म्हटलं, तर तो स्वतः कसा प्रार्थना करायचा हेही बघायला हवं. सगळ्यात खरा प्रसंग गेथशेमाने बागेतला, पकडला जायच्या रात्रीचा. तो शिष्यांना जागं राहायला सांगतो आणि ते झोपतात. नाईट मारणाऱ्या कुणालाही त्या शिष्यांचा राग येणार नाही. येशू मागतो की हे माझ्यावरून टळू दे. मत्तय म्हणतो की त्यानं तिसऱ्या वेळीही तेच शब्द म्हटले. पोकळ बडबड करू नका सांगणारा माणूस इथं तेच तेच बोलतोय, कारण दुसरं बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. आणि मागितलेलं त्याला मिळत नाही.

म्हणून मला माझ्या मित्राचं ओळ गाळणं हे प्रार्थनेतलं अपयश वाटत नाही. तो खोटं बोलायला तयार नव्हता, एवढंच. शब्द तयार मिळाले की आपण ते तोंडानं म्हणून मोकळे होतो. तयार शब्दांनाही खरंखोटं करता येतं, हे मला त्याच्या गप्प राहण्यातून कळलं. प्रार्थना म्हणायला शिकणं म्हणजे कदाचित कुठली ओळ आपल्याला अजून म्हणता येत नाही, हे नेमकं कळणं.

दिवाळीत गावाकडं गेलो तेव्हा आईला सगळं सांगितलं. चौथ्याचं, मिरजेच्या मित्राचं, ओळीचं. तिचे चार हजार मी कुठं घातले तेही. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुझं साडेतीन तू सोड. माझं चार मला आणून दे.”

मी हसलो, ती हसली नाही. परत येताना एसटीत आठवलं, की देहूच्या गोष्टीत एक तपशील आहे, जो कीर्तनात पटकन सांगून पुढं जातात. तुकोबांनी सगळी खतं बुडवली नाहीत. धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याचा अर्धा वाटा दिला, आणि इंद्रायणीत सोडला तो फक्त आपला वाटा.

डिसेंबरच्या पगारातून आईला चार हजार पाठवले. चौथ्याचा नंबर फोनमधून काढून टाकला, पण तो पाठ आहे, त्यामुळं त्याला फारसा अर्थ नाही. मित्राची पुन्हा फर्स्ट लागलीय. परवा पाचला चादरीतून आवाज आला. भाकरीची ओळ झाली. मग तो थांबला. मीही डोळे मिटून थांबलो.